इंगितज्ञान आणि नीती

मनुष्य एकाच वेळी दोन भाषा बोलत असतो. एक मुखाने आणि दुसरी सर्वांगाने. पहिलीवर त्याचा बराचसा ताबा चालतो. शब्द निवडावे, गाळावे, प्रसंगी गिळावे, हे सर्व त्याच्या हाती असते. दुसरी भाषा मात्र पुरतेपणी कोणाच्याच आज्ञेत नसते. लाजावयाचे नाही असा निश्चय केल्याने गाल तांबडे व्हावयाचे राहत नाहीत, आणि भय दाखवावयाचे नाही असे ठरविल्याने हाताचा कंप थांबत नाही. आपल्या प्राचीनांनी या दुसऱ्या भाषेचा अभ्यास मोठ्या बारकाईने केला होता. राजाची मसलत इंगित आणि आकार यांच्या द्वारे बाहेर फुटते, तेव्हा या दोहोंवर संयम ठेवावा, असे कौटिल्याने बजावले. वादी-प्रतिवादींचे अंतरंग त्यांच्या स्वरावरून, वर्णावरून, हालचालीवरून व डोळ्यांवरून ताडावे, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात न्याय देणारास सांगितले आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात स्वेद, कंप, स्वरभंग, वैवर्ण्य इत्यादी आठ सात्त्विक भाव गणलेले आहेत; आणि त्याच ग्रंथातील तेहतीस व्यभिचारी भावांत ‘अवहित्थ’ या नावाचा एक भाव आहे, ज्याचा अर्थ मनातील विकार बाहेर उमटू नये म्हणून केलेले आकारगोपन. मन देहावर उमटते, मनुष्य ते झाकू पाहतो, आणि दुसरा कोणी झाकणाखालचे पाहू इच्छितो, हे तिन्ही व्यापार आपल्या शास्त्रकारांच्या पूर्ण परिचयाचे होते.

या तिसऱ्या व्यापाराविषयीच प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे. जे सांगण्याची दुसऱ्याची इच्छा नाही, ते त्याच्या देहावरून वाचून घ्यावे आणि त्याच्याच विरुद्ध त्याचा उपयोग करावा, हे नीतीस धरून आहे काय? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु सौदा करणारा व्यापारी, उलटतपासणी घेणारा वकील, मुलाखत घेणारी समिती, उपवर मुलामुलींस पाहावयास जाणारी वडील मंडळी, या सर्वांच्या नित्य व्यवहारात तो दडलेला असतो. व्यवहारात मात्र त्याच्याभोवती इतर गोष्टींचा इतका गुंता असतो की तो नीटसा हाती लागत नाही. म्हणून जेथे तो जवळजवळ शुद्ध स्वरूपात सापडतो अशा ठिकाणी आपण जाऊ. ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतील पोकर नावाच्या पत्त्यांच्या खेळाचे टेबल.

द्यूताच्या बरेवाईटपणाचा निवाडा येथे करावयाचा नाही. त्यापायी राज्ये आणि संसार धुळीस मिळतात, हे आपणांस सभापर्वापासून ठाऊक आहे. तथापि सभापर्वातील द्यूत आणि पोकर यांत एक महत्त्वाचा भेद आहे. फासे जमिनीवर पडेपर्यंत टाकणारा आणि पाहणारा सारखेच अज्ञानी असतात. फाशांचे गुपित कोणाच्याही मुखावर उमटू शकत नाही, कारण ते कोणास ठाऊकच नसते. पोकरमध्ये गुपित खेळणाऱ्याच्या मुठीत असते. सध्या सर्वाधिक प्रचलित असलेल्या टेक्सस होल्डेम या प्रकारात प्रत्येकास दोन पाने पालथी मिळतात व टेबलाच्या मध्यभागी आधी तीन, मग एक, मग आणखी एक, अशी पाच पाने उताणी मांडली जातात. या सातांतून ज्याची पाच पाने सर्वांत सरस तो डाव जिंकतो. या दरम्यान चार वेळा पैज लावण्याची संधी येते. प्रत्येक वेळी खेळणाऱ्याने पैज स्वीकारावी, वाढवावी किंवा पाने टाकून डाव सोडावा. आणि बाकीच्या सर्वांनी डाव सोडला तर उरलेला एकटा, त्याच्या हाती काहीही असो, पाने न दाखविताच सर्व रक्कम उचलतो. या शेवटच्या नियमामुळेच हूल देण्याला वाव मिळतो. हाती भिकार पाने असताना राजाच्या ऐटीत मोठी पैज लावावी आणि प्रतिपक्ष्यास घाबरवून पळवून लावावे, हा या खेळाचा प्राण आहे. साहजिकच समोरचा खरेच बलवान आहे की हूल देत आहे, हे त्याच्या मुद्रेवरून, श्वासावरून, हाताच्या चालीवरून ओळखण्याची एक स्वतंत्र विद्याच या खेळाच्या आश्रयाने वाढली.

या विद्येचा पहिला प्रसिद्ध ग्रंथ माईक कारो यांनी १९८४ साली छायाचित्रांसह सिद्ध केला. त्यात त्यांनी सर्व खुणांचे दोन वर्ग पाडले: मनुष्याकडून नकळत घडणाऱ्या आणि तो जाणूनबुजून नटाप्रमाणे करतो त्या. दुसऱ्या वर्गासाठी त्यांचे सूत्र सोपे आहे. जो दुबळेपणा दाखवितो तो बहुधा बलवान असतो आणि जो बळ दाखवितो तो बहुधा दुबळा. उसासा टाकून, खांदे उडवून, जणू नाइलाजाने पैज लावणारा माणूस धोक्याचा. डोळ्यांत डोळे घालून चकत्यांची चळत धाडकन पुढे सरकविणारा माणूस पुष्कळदा पोकळ. पहिल्या वर्गातील खुणा अधिक मनोरंजक आहेत. मनाजोगे पान उताणे होताच खेळणाऱ्याची नजर क्षणभर आपल्या चकत्यांकडे वळते. हूल देणारा पुष्कळदा श्वास रोखून निश्चल होतो, सावज जसे झुडपाआड दबून बसते तसे. आणि ज्याचा हात एकाएकी थरथरू लागतो तो, नवशिक्याच्या समजुतीच्या अगदी उलट, भ्यालेला नसून त्यास फार मोठे पान लागलेले असते. दाबून धरलेला ताण सुटतो आणि तो बोटांतून बाहेर पडतो. भरताने ज्यास सात्त्विक भाव म्हटले त्यातील ‘वेपथु’ तो हाच. या खुणा झाकण्यासाठी पोकर खेळणारे काळे चष्मे घालतात, डोक्यावरून टोपडी ओढतात, प्रत्येक पैज एकाच गतीने लावण्याचा सराव करतात. अवहित्थाची एवढी मोठी पाठशाळा जगात दुसरी क्वचितच असेल.

आता नीतीचा पहिला प्रश्न. हूल देणे म्हणजे खोटे बोलणे आहे काय? जॉन फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाने १९२८ साली खेळांच्या गणिती उपपत्तीचा पाया घातला. पुढे १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्याने पोकरमधील हुलीचे सविस्तर विवेचन केले. त्यावरून असे निष्पन्न झाले की हूल ही खेळणाऱ्याच्या स्वभावातील खोडी नसून खेळाच्या रचनेतूनच निघणारी आवश्यकता आहे. जो केवळ चांगली पाने असतानाच पैज वाढवील, त्याच्या पैजेचा अर्थ सर्वांस कळेल आणि त्याच्या चांगल्या पानांचेही मोल त्यास मिळणार नाही. तेव्हा पोकरमधील पैज म्हणजे ‘माझी पाने उत्तम आहेत’ असे विधान नव्हेच. ‘माझी पाने उत्तम असतील किंवा नसतील, तुम्ही काय ते ठरवा’, एवढाच तिचा अर्थ, आणि टेबलाभोवतालच्या प्रत्येकास तो ठाऊक असतो. असत्य हे विश्वासाच्या पोटी जन्मते. जेथे विश्वास मागितलेला नाही आणि दिलेलाही नाही तेथे विश्वासघात संभवत नाही. नाटकातील नट स्वतःस राजा म्हणवितो म्हणून त्यास कोणी लबाड म्हणत नाही. हूल देणाऱ्याचीही गोष्ट तशीच.

या बाबतीत ब्रिज आणि पोकर यांची तुलना उद्बोधक होईल. ब्रिजच्या नियमांप्रमाणे प्रतिपक्ष्याच्या घुटमळण्यावरून किंवा घाईवरून आपण अनुमान काढू शकतो, पण ते स्वतःच्या जबाबदारीवर. आपल्याच भिडूच्या घुटमळण्यावरून मात्र अनुमान काढून त्याचा लाभ घेणे निषिद्ध आहे. शिवाय पान खेळून प्रतिपक्ष्यास चकविणे हे कौशल्य समजले जाते. परंतु मुद्दाम घुटमळून, उद्गार काढून किंवा हातवारे करून चकविणे हा नियमभंग ठरतो. पोकरच्या टेबलावर खोटा उसासा ही कला आहे. ब्रिजच्या टेबलावर तोच उसासा असभ्यपणा होय. कृती एकच, पण करार निराळे. यावरून दिसेल की आकारगोपन किंवा आकारकथन यांस स्वतःचे असे नीतिमूल्य नाही. ज्या मंडळीत आपण बसलो आहोत तिने आपसांत काय मान्य केले आहे, त्यावर ते मूल्य ठरते.

हाच विचार दुसऱ्याच्या खुणा वाचण्यास लावून पाहू. कोणी आक्षेप घेईल की मनातील गोष्ट ही मनुष्याची अत्यंत खाजगी मालमत्ता आहे. ती त्याच्या नकळत काढून घेणे म्हणजे खिसा कापण्यासारखेच. या आक्षेपात जोर नाही असे नाही. शेजाऱ्याच्या हातातील पाने मान वाकवून पाहणारास आपण चोर म्हणतो. मग त्याच पानांची छाया त्याच्या मुखावर पाहणारास कुशल का म्हणावे? दोघांनाही मिळते ते ज्ञान एकच. उत्तर असे की फरक ज्ञानात नसून ते मिळविण्याच्या वाटेत आहे. पानांची पाठ सर्वांकडे आणि तोंड स्वतःकडे, असा करार करूनच मंडळी बसलेली असते; तो मोडणारा करारभंग करतो. मुखाविषयी मात्र उलट करार आहे: ज्याने त्याने आपले मुख सांभाळावे, आणि ज्याची त्याची नजर मोकळी असावी. कांटने १७९५ साली आपल्या शाश्वत शांततेविषयीच्या निबंधात एक कसोटी सांगितली आहे. दुसऱ्यांच्या हक्कांशी संबंध असलेल्या ज्या वर्तनाचे सूत्र उघडपणे जाहीर करता येत नाही ते वर्तन अन्यायाचे होय. पानांत डोकावणारास आपले सूत्र जाहीर करता यावयाचे नाही. जाहीर करताच प्रत्येक जण आपली पाने छातीशी धरील. उलट ‘मी तुमच्या मुद्रा न्याहाळणार आहे’, हे पोकर खेळणारा सर्वांसमक्ष सांगू शकतो. किंबहुना ते सांगण्याची गरजच नसते. तेथे प्रत्येक जण त्याच तयारीने आलेला असतो.

तेव्हा पोकरच्या टेबलावर इंगितज्ञान निर्दोष ठरते. परंतु ते कशामुळे निर्दोष ठरते हे लक्षात ठेवले पाहिजे. तीन गोष्टींमुळे: बसणारा आपखुशीने बसलेला असतो, जो वाचला जातो तो वाचणारासही वाचू शकतो, आणि नको झाले की उठून जाण्याची वाट मोकळी असते. या तिहींपैकी एक जरी काढून घेतली तरी सर्व इमला ढासळतो. आणि नेमके हेच पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. १९६८ साली आल्बर्ट कार या लेखकाने हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू या नियतकालिकात असे प्रतिपादन केले की व्यापार हाही पोकरसारखा खेळच आहे. त्याचे नियम घरगुती नीतीहून वेगळे आहेत, आणि हुलीबद्दल पोकर खेळणारास जसा दोष देत नाहीत तसा तो व्यापाऱ्यासही देऊ नये. हा लेख त्या काळी बराच गाजला. दोन बड्या पेढ्यांच्या वाटाघाटींपुरते कार यांचे म्हणणे काही अंशी मान्य करता येईल. परंतु बायकोच्या आजारपणासाठी शेत विकावयास निघालेला कुणबी सौद्याच्या टेबलावर आपखुशीने आलेला नसतो. त्याची गरज त्याच्या डोळ्यांत दिसते, ती पाहून सावकार भाव पाडतो, आणि ‘मी खोटे काय बोललो?’ असे वर विचारतो. खरोखरच तो काही खोटे बोललेला नाही. तरीही त्याने पाप केले आहे, कारण जी व्यथा पाहून मदतीचा हात पुढे यावयास हवा होता ती पाहून त्याने आपला हात मागे घेतला. कुणब्यास त्या सावकाराच्या मुखावरचे काही वाचता येत नाही, आणि वाचता आले तरी उठून जाण्यास त्यास जागा नाही. या व्यवहारास खेळ म्हणणे हा खेळाचा अपमान आहे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे उदाहरणही पाहिले पाहिजे, आणि योगायोग असा की ते पोकरच्या इतिहासाशीच निगडित आहे. हेन्री ओरेनस्टीन हे १९२३ साली पोलंडमध्ये जन्मलेले यहुदी गृहस्थ. नाझी छळछावणीत असताना शास्त्रज्ञांनी व गणितज्ञांनी आपली नावे नोंदवावी असा हुकूम निघाला. ओरेनस्टीन यांनी तसली विद्या अंगी नसताना आपले व आपल्या भावंडांचे नाव बेधडक नोंदविले, आणि त्या हुलीने त्यांचा जीव वाचविण्यास मोठे साहाय्य केले. पुढे अमेरिकेत जाऊन ते खेळण्यांच्या धंद्यात नावारूपास आले, आणि पोकर खेळणाऱ्याची पालथी पाने चित्रवाणीच्या प्रेक्षकांस दाखविणाऱ्या कॅमेऱ्याच्या योजनेचे पेटंट त्यांनी घेतले. ज्याच्या प्राणाचे रक्षण एकदा न ओळखल्या गेलेल्या हुलीने केले, त्यानेच पुढे सगळ्या जगास हूल देणाऱ्यांचे हात उघडे करून दाखवावे, हा दैवाचा विलक्षण खेळ म्हणावयाचा! २०२१ साली वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी ते निवर्तले. खुनी माणूस दाराशी येऊन ‘तुझा मित्र घरात आहे काय?’ असे विचारू लागला तरी त्याच्याशी खोटे बोलू नये, असे कांटने १७९७ साली लिहिले. त्याच्याविषयी कितीही आदर असला तरी येथे त्याचे म्हणणे मान्य करवत नाही. ओरेनस्टीन यांच्या समोर बसलेल्या अधिकाऱ्याने त्यांच्या मुद्रेवरून सत्य ओळखले असते, तर त्या इंगितज्ञानाची आपण वाहवा केली असती काय? तेथेही करार नव्हता, समता नव्हती, आणि उठून जाण्याची वाट तर नव्हतीच. मात्र तेथे लपविणारा दुबळा होता आणि वाचणारा प्रबळ. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जेथे दोन्ही पक्ष समबल नाहीत तेथे आकारगोपन हे पुष्कळदा दुबळ्याचे एकमेव कवच असते, आणि ते भेदण्याचा अधिकार प्रबळास सहजासहजी मिळत नाही.

येथवर आपण असे धरून चाललो की इंगितावरून मन खरोखरच वाचता येते. पण या गृहीताचीही तपासणी करावयास हवी, कारण येथे नीतीचा दुसरा आणि माझ्या मते अधिक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. चार्ल्स बाँड व बेला डिपॉलो या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली या विषयावरील पुष्कळ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. त्यांत मिळून चोवीस हजारांहून अधिक माणसांनी, समोरचा खरे बोलतो आहे की खोटे, याचा निर्णय दिला होता. त्यांचे निर्णय सरासरीने शेकडा ५४ वेळा बरोबर ठरले. नाणे उडवून निर्णय दिला असता तरी शेकडा ५० वेळा तो बरोबर आलाच असता! अमेरिकेच्या विमानतळांवर प्रवाशांच्या हावभावांवरून संशयित हेरण्याची एक सरकारी योजना होती; तिच्यावर २००७ पासून सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाल्यावर २०१३ साली तेथील सरकारी हिशेबतपासनिसांनी, अशा हेरण्यास पुरेसा शास्त्रीय आधार नाही, सबब तिच्यावरील खर्चास मर्यादा घालावी, अशी शिफारस केली. आणि खुद्द पोकरविषयी मायकेल स्लेपियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तर फारच बोलका आहे. त्यांनी २००९ च्या जागतिक स्पर्धेतील खेळाडू पैज लावीत असतानाची चित्रे लोकांस दाखविली; काहींना केवळ चेहरा, काहींना केवळ हात. चेहरा पाहणारांस पानांची प्रत ओळखता आली नाही. चकत्या पुढे सरकविणाऱ्या हातांची चाल पाहणारांचे अंदाज मात्र निव्वळ योगायोगाने येतील त्याहून सरस ठरले. ज्या मुखाकडे सर्वांची दृष्टी लागलेली असते त्या मुखास लपविणे शिकविलेले असते. ज्या हाताकडे कोणी पाहत नाही तो हात खरे बोलून जातो.

बरे, खूण बरोबर वाचली तरी तिच्यावर विसंबण्याचे धैर्य प्रत्येकास असतेच असे नाही. २००३ साली लास वेगास येथील जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ख्रिस मनीमेकर नावाचा एक हौशी हिशेबनीस सॅमी फार्हा या कसलेल्या जुगाऱ्यासमोर बसला होता. फार्हाजवळ नव्वीची जोडी होती, म्हणजे डाव त्याचा होता. मनीमेकरजवळ राजाखेरीज सांगण्यासारखे काही नव्हते. एकाच रंगाची पाच पाने जुळतील ही त्याची आशा शेवटच्या पानाला फसली होती. तरी त्याने आपल्या सर्व चकत्या पुढे सारल्या आणि तो निश्चल बसून राहिला. फार्हाने बराच वेळ न्याहाळले. ‘तुझा रंग जुळला नसावा’ अशा अर्थाचे तो बोललादेखील. सत्य त्याच्या जिभेवर आले होते. आणि तरीही त्याने पाने टाकून दिली! मनीमेकर ती स्पर्धा जिंकून पंचवीस लाख डॉलर घेऊन गेला.

तरी पोकरच्या टेबलावर वाचणाऱ्याचा कान धरणारा एक गुरू हजर असतो. डाव शेवटपर्यंत गेला की पाने उताणी होतात आणि आपण वाचले ते खरे होते की खोटे, हे तत्काळ पदरात पडते. चुकणाऱ्याचा खिसा हलका होतो आणि त्याचा गर्वही. व्यवहारात हा गुरू नाही. पुष्कळ वर्षे तोंडी परीक्षा घेणाऱ्या कोणाही अध्यापकास विचारा. टेबलापलीकडे विद्यार्थी बसतो, त्याचे ओठ कोरडे पडतात, वहीवरचा हात कापू लागतो. आणि परीक्षक मनाशी म्हणतो, याची तयारी नाही. ती तयारी नसल्याची खूण असेल. पण एखाद्या खेड्यातून आलेल्या, घरात पहिल्यानेच शिकणाऱ्या, उत्तर अगदी तोंडावर असलेल्या मुलाचीही ती खूण असू शकते. पोकर खेळणारा तरी जाणतो की कापणाऱ्या हातात पुष्कळदा हुकमी पान असते! परीक्षकाने शून्य लिहिले की कागद मिटला जातो. त्या मुलाचे पान कधीच उताणे होत नाही, आणि परीक्षकाचा समज मात्र दर वर्षी दृढ होत जातो की मला माणसे एका नजरेत कळतात. मुलाखतीतून, पोलीसचौकीतून, वधूवरांच्या पाहण्यातून असे किती निकाल दररोज लागत असतील! ज्या ज्ञानाची चूक कधी उघडकीस येत नाही ते ज्ञान अहंकारास फार मानवते. म्हणून मला असे वाटते की इंगितज्ञानातील मोठा दोष दुसऱ्याचे गुपित काढून घेण्यात जितका आहे, त्याहून अधिक, न कळलेलेही कळले असे समजून त्याच्या नशिबाचा निकाल लावण्यात आहे.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. २०१७ च्या जानेवारीत पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या ‘लिब्राटस’ नावाच्या यंत्रबुद्धीने चार अव्वल पोकरपटूंशी वीस दिवसांत एक लाख वीस हजार डाव खेळून त्यांस निर्विवाद हरविले. तिला डोळे नव्हते आणि मुखही नव्हते; तिने कोणाचा उसासा ऐकला नाही व कोणास आपला ऐकविला नाही. केवळ संभवनीयतेच्या गणिताने तिने हूल दिली आणि हूल ओळखली. तेव्हा निव्वळ जिंकण्यासाठी दुसऱ्याचे मुख न्याहाळणे अपरिहार्य आहे असेही म्हणता यावयाचे नाही. मग निसर्गाने मनुष्यास ही दृष्टी कशासाठी बरे दिली असावी?

उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. बोलता न येणाऱ्या तान्ह्या मुलाचे दुखणे आई त्याच्या मुद्रेवरून ओळखते. रोगी ‘बरे आहे’ म्हणत असता चांगला वैद्य त्याच्या नखांकडे व डोळ्यांकडे पाहतो. पंक्तीत ‘पुरे’ म्हणणाऱ्या संकोची पाहुण्याची भूक जाणत्या गृहिणीस त्याच्या पानावरून कळते. येथेही न सांगितलेलेच वाचले जाते, आणि तेही मनुष्याच्या इच्छेविरुद्ध; तरी त्यास कोणी चोरी म्हणत नाही, कारण वाचलेले त्याच्याच पदरात परत घातले जाते. पोकरच्या टेबलावर करार होता म्हणून वाचन निर्दोष होते. येथे करार नाही, पण प्रेम आहे. ज्या ठिकाणी या दोहोंपैकी एकही नाही, त्या ठिकाणी दुसऱ्याच्या मुखाकडे रोखून पाहण्यापूर्वी सभ्य मनुष्याने थोडे थांबले पाहिजे.

आपल्याकडे जुन्या घरांतून एक रीत असे. कोणाच्या डोळ्यांत अकस्मात पाणी आले तर जवळची माणसे काही तरी निमित्त काढून दुसरीकडे पाहत. दिसलेले असे सर्वांस, पण पाहिलेले नसे कोणी. मग त्या माणसास बोलावेसे वाटले तर तो बोले, न वाटले तर त्याची व्यथा त्याच्याजवळ राही. या रीतीत इंगितज्ञान कमी नव्हते. उलट फार मोठे होते. त्याच्या जोडीला दुसऱ्याच्या झाकलेपणाविषयी आदर होता, एवढेच. दररोज ज्यांच्या समोर आपण अधिकाराच्या खुर्चीत बसतो, मग ते विद्यार्थी असोत, नोकर असोत की उमेदवार असोत, त्यांच्या कापणाऱ्या हाताकडे पाहून निकाल ठरविण्याऐवजी त्यांस पाण्याचा पेला पुढे करून प्रश्न पुन्हा एकदा सावकाश विचारणे, हे आपणांस सहज करता येण्यासारखे आहे. तेवढ्याने त्यांची पाने उताणी होतील असे नाही. पण ती दाखवावी की नाही, हे ठरविण्याची संधी तरी त्यांस मिळेल.